टाचणवहीतील नवा मदतनीस : गुलमंडीच्या एका पाठाच्या आधारे

टाचणे म्हणजे कच्चे शिवणे, तात्पुरता टाका घालून जोडणे. शिंपी कापड बेतल्यावर प्रथम ते टाचून घेतो, अंगावर लावून पाहतो आणि मगच पक्की शिवण घालतो. शिक्षकाच्या वहीस टाचणवही हे नाव ज्या कोणी दिले असेल, त्याने ते समर्पक दिले यात शंका नाही. पाठाचे टाचण ही उद्याच्या तासाची कच्ची शिवण होय. ती वर्गावर लावून पाहावयाची, कोठे आवळते व कोठे ढिली पडते हे पारखावयाचे आणि जरूर तेथे उसवावयाची. जे टाचण कधीच उसवावे लागले नाही, ते बहुधा कधी वापरलेच गेले नाही असे समजावयास हरकत नाही.

परंतु प्राथमिक शाळेतील वस्तुस्थितीही पाहिली पाहिजे. द्विशिक्षकी शाळेत प्रत्येक शिक्षकाकडे किमान दोन इयत्ता असतात. मराठी, गणित, इंग्रजी व परिसर अभ्यास, त्यांच्या जोडीला कला, कार्यानुभव व खेळ. दोन इयत्तांची मिळून दिवसाकाठी सात-आठ टाचणे सहज होतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काविषयीच्या २००९ च्या अधिनियमाने शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान ४५ तास ठरवून दिले असून त्यांत पाठाच्या पूर्वतयारीचे तास समाविष्ट केले आहेत, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. कायद्याच्या दृष्टीने तयारी हे कामच आहे. रात्री घरी दिवा लावून करावयाचे ते पुण्यकर्म नव्हे. प्रत्यक्षात मात्र पोषण आहाराच्या नोंदी, भ्रमणध्वनीवरून तातडीने मागविलेली माहिती व शिष्यवृत्तीचे अर्ज यांत तो वेळ सरतो. मग गतवर्षीची वही समोर ठेवून नवी वही भरली जाते, किंवा बाजारातील मार्गदर्शिकेतून उतारे उतरविले जातात. हे शिक्षकांस ठाऊक आहे आणि तपासणाऱ्यांसही ठाऊक आहे.

अशा परिस्थितीत एक नवा मदतनीस शिक्षकाच्या खिशात येऊन बसला आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे साधन लोकांसाठी खुले झाले. त्यामागोमाग जेमिनी व त्याच जातीची इतर साधने आली. त्यांस मराठीतून प्रश्न विचारता येतो, उत्तरही मराठीतून मिळते. "इयत्ता चौथीसाठी 'आपला परिसर' या घटकाचे टाचण तयार करा" एवढे लिहिले की उद्दिष्टे, पूर्वज्ञान, प्रस्तावना, विषयप्रतिपादन, उपयोजन, स्वाध्याय, सर्व मथळे जागच्या जागी असलेले टाचण अर्ध्या मिनिटात समोर येते. अक्षर सुवाच्य, भाषा शुद्ध, समास सारखे. ज्या वहीसाठी एक संध्याकाळ लागत असे, ती चहा निवण्याच्या आत भरते.

येथेच सावध होणे आवश्यक आहे. टाचण लिहिण्याचा कंटाळा यंत्राने घालविला, हे उत्तमच झाले. परंतु टाचणाच्या निमित्ताने जो विचार व्हावयाचा, तोही त्याबरोबर गेला, तर उद्याच्या वर्गात कोणीही विचार न केलेला पाठ शिकविला जाईल. पूर्वीच्या उतरवलेल्या वहीत निदान शिक्षकाच्या हातास तरी श्रम पडत.

यंत्र काय करते हे थोडक्यात समजून घेतल्यास त्याचा उपयोग कोठे करावा व कोठे करू नये हे आपोआप कळू लागते. या साधनांस अफाट मजकूर वाचावयास दिलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा अंदाज ती बांधतात आणि शब्दामागून शब्द ठेवीत उत्तर रचतात. हर्बार्टच्या (१७७६–१८४१) अनुयायांनी रूढ केलेल्या पाच पायऱ्या, उद्दिष्टांची ठराविक वाक्ये व स्वाध्यायाचे नमुने त्या मजकुरात असंख्य वेळा आलेले असल्यामुळे टाचणाचा सांगाडा यंत्रास बिनचूक साधतो. जे क्वचितच कोणी लिहून ठेवले आहे, त्याबाबत मात्र ते अडखळत नाही, हाच धोका आहे. माहिती नसली तरी ती असल्यासारखेच वाक्य, त्याच आत्मविश्वासाने, ते पूर्ण करू शकते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांवर आहे. तथापि यंत्राने वाचलेल्या मजकुरात इंग्रजीच्या मानाने मराठीचा वाटा अगदी अल्प असतो. तीत आपल्या तालुक्याविषयी, आपल्या गावच्या आठवडी बाजाराविषयी किती मजकूर असणार, हे निराळे सांगावयास नको.

ही गोष्ट एका पाठावर लावून पाहू. पाठासाठी गुलमंडीची निवड केली आहे, कारण जिल्ह्यातील बहुतेक घरांतून कोणी ना कोणी लग्नाच्या बस्त्यासाठी गुलमंडीस गेलेले असते. ज्या मुलाने शहर पाहिले नाही, त्यानेही आजीच्या तोंडून हे नाव ऐकलेले असते. पैठण गेटकडून टिळक पथाने आत आले की सुपारी हनुमानाचे देऊळ व कापडाची दुकाने यांनी गजबजलेला हा चौक लागतो. पुढे मछली खडकावरून सिटी चौकाकडे जाता येते. भोवताली रंगारगल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार, सराफा अशी नावे आहेत. परिसर अभ्यासाच्या शिक्षकास याहून चांगले साहित्य शोधूनही मिळावयाचे नाही; ते विकत घ्यावे लागत नाही आणि शाळेच्या कपाटात ठेवावेही लागत नाही.

समजा, एका शिक्षकाने यंत्रास एवढेच सांगितले, "गुलमंडी या विषयावर चौथीसाठी टाचण द्या." जे टाचण हाती येईल, त्याचे स्वरूप साधारणतः असे असण्याचा संभव आहे. आरंभी 'विद्यार्थी बाजाराचे महत्त्व सांगतील' हे उद्दिष्ट. मग बाजाराचे प्रकार. चित्रफीत दाखवावी अशी सूचना. चार-चारांचे पाच गट पाडावेत. रंगीत कागद वाटावेत. शेवटी गुलमंडीचा इतिहास म्हणून एखादा सन व एखादी कथा. ज्या शाळेत चौथीत अकरा मुले आहेत, त्या शाळेत चार-चारांचे पाच गट कोणी पाडावयाचे? चित्रफीत दाखवावयास वीज त्या वेळी असेल काय? शिवाय त्याच खोलीत तिसरीची मुले बसलेली आहेत, याचा त्या टाचणास पत्ताही नाही.

इतिहासाची गोष्ट अधिक गंभीर आहे. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार, एवढा शब्दार्थ निश्चित आहे. हा फुलांचा बाजार कोणी, कधी व कोणत्या जागी भरविला, याची एखादी सुरस कथा यंत्र रचून देऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी विचारल्यास दुसरीच देऊ शकते. शहराच्या इतिहासातील ठळक सन पारखून घेता येतात. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे राजधानी वसविली. भडकल दरवाजा १६१२ मधील. १६५३ मध्ये शहरास औरंगाबाद हे नाव मिळाले. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. हे ग्रंथांत व राजपत्रांत पडताळता येते. तेव्हा यंत्राच्या टाचणातील प्रत्येक सन, प्रत्येक व्यक्तिनाम, प्रत्येक आकडा आणि प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित करावी, आणि ज्याचा पडताळा मिळेल तेवढेच फळ्यावर जाऊ द्यावे. फळ्यावर लिहिलेले मूल खरे मानते. गावात छापील पुस्तकाखालोखाल फळ्याचाच मान आहे.

आता दुसरी रीत पाहू. यंत्रास कामास लावण्यापूर्वी शिक्षकाने पाच-सात मिनिटे स्वतःशी बसावे आणि आपला वर्ग त्यास लिहून कळवावा. तो मजकूर असा असू शकेल :

"इयत्ता चौथी, पट अकरा. त्यांपैकी तिघे जोडाक्षरे वाचताना अडखळतात. त्याच खोलीत तिसरीची नऊ मुले आहेत. चाळीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटे मी तिसरीकडे असेन. त्या वेळी चौथीने स्वतः करावयाचे काम हवे. मुलांनी गावचा आठवडी बाजार पाहिला आहे. जिल्ह्याचे शहर निम्म्यांनीही पाहिलेले नाही. साहित्य म्हणजे फळा, खडू, जुनी वर्तमानपत्रे. गुलमंडीभोवतालची पुढील नावे वापरावीत : रंगारगल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार, सराफा. यांव्यतिरिक्त कोणतेही सन, नाव वा आकडा घालू नये. खात्री नसेल तेथे 'शिक्षकाने विचारून घ्यावे' असे लिहावे. पाठ्यपुस्तकातील पानाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. पाठ त्या घटकास धरून असावा."

एवढे लिहिल्यावर जे टाचण येते, ते पहिल्यापेक्षा सर्वस्वी निराळे असते. यंत्र तेच, फरक पडला तो शिक्षकाच्या विचारामुळे. किंबहुना वरील मजकूर हेच खरे टाचण होय. त्यानंतर यंत्राने केले ते लेखनिकाचे काम.

पाठ पुढीलप्रमाणे घेता येईल. फळ्यावर चार नावे लिहावीत आणि प्रत्येक ठिकाणी पूर्वी कोण काम करीत असतील, काय विकत असतील, असे विचारावे. कुंभारवाडा मुले तत्काळ ओळखतील. रंगारगल्लीवर थोडा वेळ थांबावे लागेल, कारण कपडे रंगवून मिळतात ही कल्पनाच आजच्या मुलास अपरिचित आहे. तयार रंगीत कापड त्याने पाहिलेले असते. येथे शहराच्या हिमरू या सुती-रेशमी विणीच्या कापडाचा उल्लेख करून सुतास रंग कोण देत असेल, असा प्रश्न टाकता येईल. सराफा म्हणजे सोन्याचांदीचा बाजार, हे एखादे मूल सांगेल. कासार या शब्दापाशी बांगड्यांची आठवण निघाली की मुली बोलू लागतील. मग मुख्य प्रश्न : गल्लीचे नाव राहिले, पण तो धंदा तेथे आजही आहे काय? नावावरून धंदा ओळखता येतो, परंतु आजचा धंदा नावावरून ठरत नाही, हे मुलांनी स्वतः शोधून काढावे. परिसर अभ्यासातील बदल व सातत्य ही कल्पना इतक्या सोप्या रीतीने क्वचितच हाती लागते.

शिक्षक तिसरीकडे वळेल त्या पंधरा मिनिटांत चौथीच्या मुलांनी जुन्या वर्तमानपत्रातील जाहिराती पाहून गावांची, गल्ल्यांची व दुकानांची नावे कापून काढावीत आणि ज्या नावात धंदा दडला आहे ती वेगळी मांडावीत. अडखळत वाचणाऱ्या तिघांस मोठ्या टंकातील मथळे द्यावेत, म्हणजे तेही मागे राहणार नाहीत. ही शेवटची सूचना यंत्राकडून सहज मिळेल. पण ते तिघे आहेत हे आधी त्यास कळविलेले असले तरच.

यानंतर उपयोजनाची पायरी येते, आणि या पाठातील सर्वांत नाजूक जागा येथे आहे. शहरातील गल्लीवरून स्वतःच्या गावाकडे वळावे, हा शिक्षणशास्त्राचा सर्वमान्य नियम. यंत्रही तो पाळील आणि बहुधा असे लिहील : 'प्रत्येक विद्यार्थ्याने उभे राहून आपण राहतो त्या गल्लीचे वा वस्तीचे नाव व घरचा परंपरागत व्यवसाय सांगावा.' कागदावर या वाक्यात काहीच वावगे दिसत नाही. पाठ क्रमाने पुढे गेला आहे, मुले बोलती होत आहेत, गावाशी संबंध जोडला गेला आहे. परंतु खेड्यातील वस्तीचे नाव पुष्कळदा धंद्याचे नसते, जातीचे असते. किंवा दोन्ही एकच असते. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो याच कारणाने. अकरा मुलांच्या वर्गात ज्या मुलास उभे राहून ते नाव उच्चारावे लागेल, त्यास त्या दिवशी परिसर अभ्यास समजेल की दुसरेच काही समजेल, याचा विचार यंत्र करू शकत नाही. त्याने ते मूल पाहिलेले नाही. मागील बाकावरून कोण हसेल हे त्यास माहीत नाही. शिक्षकास माहीत आहे.

यास्तव येथे टाचण उसवावे. वस्त्यांऐवजी शेतांची, विहिरींची, नाल्यांची, वाटांची व झाडांची नावे विचारावीत. प्रत्येक गावात शेतांस नावे असतात. ती आंब्यावरून पडलेली असतात, बारवेवरून, पांढऱ्या वा काळ्या मातीवरून किंवा एखाद्या जुन्या प्रसंगावरून पडलेली असतात. आणि ती यंत्रास ठाऊक असण्याचा संभव फारच थोडा, कारण ती बहुधा कोठे लिहिलेली नाहीत. मुलांनी घरी जाऊन वृद्धांस विचारावे, दोन-दोन नावे आणावीत आणि दुसऱ्या दिवशी ती फळ्यावर काढलेल्या गावाच्या नकाशात बसवावीत. गावात घरजागा असलेल्या मुलाइतकाच तांड्यावरील वा ऊसतोडीहून परतलेल्या मुलासही यात वाटा उचलता येतो. किंबहुना ज्याने दोन-तीन गावे पाहिली, त्याच्याजवळ नावांचा साठा अधिकच असतो. ताराबाई मोडक यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे शंख, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूंतून शिक्षणसाहित्य घडविले. शेतांची नावे हे त्याच जातीचे साहित्य होय.

याचा अर्थ यंत्रास नाजूक विषय सांगूच नये असा नाही. 'जातीचा उल्लेख येईल असा एकही प्रश्न नको' असे आधीच बजावल्यास ते ऐकते, आणि पुष्कळदा चांगले पर्यायही सुचविते. बजावावे कशासाठी, हे मात्र शिक्षकासच सुचावे लागते.

गणिताच्या बाबतीत निराळी काळजी घ्यावी लागते. अपूर्णांकाचे टाचण मागितल्यास यंत्र अनेकदा पिझ्झाचे तुकडे करावयास सांगते, कारण त्याने वाचलेल्या पाठांतून पिझ्झाच कापला जातो. आपल्या मुलाच्या घरी भाकरी आहे. अर्धी भाकरी आणि चतकोर हे शब्द त्याच्या तोंडी शाळेत येण्यापूर्वीपासून आहेत. त्याचप्रमाणे 'तीन चतुर्थांश' असे अवघड नाव शिकविण्याआधी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही मराठीची स्वतःची संपत्ती वापरावी. इतक्या अपूर्णांकांस सुटी सोपी नावे ज्या भाषेत आहेत, तिच्या शाळेत अपूर्णांक अवघड वाटावा, हे खरोखर नवल आहे. यंत्रास 'भाकरी, पाव किलो, सव्वा मीटर यांची उदाहरणे द्या' एवढे सांगितले तरी पुरते.

गुलमंडीचे कापड येथेही उपयोगी पडते. दुकानात आज मीटरने माप होते. १९५६ च्या कायद्यान्वये देशात दशमान मापांचा स्वीकार झाला. परंतु नऊवारी व सहावारी या नावांत जुना वार टिकून आहे. एक वार म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटर. मग नऊवारी लुगडे किती मीटरचे? गुणाकार ८१९ सेंटीमीटर येतो, म्हणजे ८ मीटर १९ सेंटीमीटर. वाराचे नेमके माप ९१.४४ सेंटीमीटर धरल्यास ८ मीटर २३ सेंटीमीटरांच्या जवळपास. मुलांनी घरून एखादे लुगडे आणून दोरीने मोजावे व हिशेबाशी ताडून पाहावे. फरक आढळेल, तो का आढळला यावर चर्चा होईल, आणि तोच दिवसाचा खरा पाठ ठरेल. अशी दहा शाब्दिक उदाहरणे काठिण्याच्या क्रमाने तयार करून घेण्यास यंत्र फार सोयीचे आहे. उत्तरे मात्र शिक्षकाने स्वतः करून पाहावीत. मोठाले गुणाकार न चुकता करणे हे या भाषायंत्रांचे मूळ काम नव्हे. चुकीचे उत्तरही ती तितक्याच ठाम स्वरात देतात.

शेजारच्या कर्नाटकात २०२३ पासून सरकारी शाळांतील शिक्षकांसाठी शिक्षा कोपायलट नावाचा प्रयोग झाला. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया व शिक्षणा फाउंडेशन या संस्थांनी तो हाती घेतला. त्यातील एक तत्त्व घेण्याजोगे आहे. टाचण तयार करताना यंत्रास मोकळे न सोडता राज्याच्या अभ्यासक्रमाशी व पाठ्यपुस्तकांशी ते बांधून ठेवावयाचे. आपल्या शिक्षकास एवढी यंत्रणा उभारता येणार नाही. परंतु बालभारतीच्या पुस्तकातील पान जोडून 'यास धरूनच लिहा' असे सांगणे हा त्याच तत्त्वाचा घरगुती अवलंब आहे.

काही व्यावहारिक गोष्टी थोडक्यात. मुलांची नावे, छायाचित्रे, आधार क्रमांक, आजारपण किंवा घरची परिस्थिती यांपैकी काहीही यंत्रास कळवू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्रीय कायदा झाला असून अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत तो अधिक कडक आहे. 'तिघे अडखळतात' एवढे पुरे. तिघे कोण, हे वहीतही नावाऐवजी हजेरी क्रमांकाने नोंदवावे. ज्या वस्तीशाळेत संपर्कजाळे मिळत नाही, तेथील शिक्षकाने आठवड्याची टाचणे एकदम तालुक्याच्या गावी तयार करून घ्यावीत आणि कागदावर उतरवून न्यावीत. उतरविताना हात आपोआप थांबतो, नको ते गळते. त्या दृष्टीने ही अडचण अगदीच वाईट नव्हे. ज्यांच्यापाशी असा भ्रमणध्वनी नाही किंवा ज्यांस ते साधन वापरावयाचे नाही, त्यांच्या हस्तलिखित टाचणास कमी लेखण्याचे कारण नाही.

यंत्राची मराठीही तपासावी लागते. 'विद्यार्थी कृतीमध्ये व्यस्त होतील', 'शिक्षक एक सकारात्मक वातावरण निर्माण करतील' अशी वाक्ये टाचणात आढळली तर ती सरळ काढून टाकावीत. ती मूळ इंग्रजीच्या साच्यातून उतरलेली असतात आणि त्यांनी वर्गात काय करावयाचे ते कळत नाही. 'मुले वर्तमानपत्र कापतील', 'शिक्षक कासार शब्द फळ्यावर लिहून दोन मिनिटे थांबतील' असे लिहिले की टाचण वाचणाऱ्यास डोळ्यांपुढे वर्ग दिसतो. विद्यार्थ्यांच्या घरची बोली निराळी असल्यास तिच्यातील शब्द शिक्षकाने स्वतः घालावेत. कन्नड तालुक्यातील तांड्यावरच्या मुलाची गोरमाटी बोली यंत्राकडून शिकण्यापेक्षा त्या मुलाकडूनच शिकणे अधिक खात्रीचे.

राहता राहिला तपासणीचा प्रश्न, आणि त्याची जबाबदारी शिक्षकांवर ढकलून चालणार नाही. टाचणवही पूर्ण आहे काय, सर्व मथळे भरले आहेत काय, तारखा लागोपाठ आहेत काय, एवढेच पाहून स्वाक्षरी करण्याची रीत पुष्कळ ठिकाणी पडून गेली आहे. ज्या तपासणीस वहीचे नीटनेटकेपण पुरते, तिची फसवणूक आता कोणासही अर्ध्या मिनिटात करता येते, आणि तिच्यात दोष फसविणाऱ्याचा जितका, तितकाच तपासणाऱ्याचाही आहे. केंद्रप्रमुखांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी यापुढे टाचणाची उजवी बाजू वाचावी आणि डावी बाजू तपासावी. डाव्या पानावर पाठ झाल्यानंतर शिक्षकाने स्वहस्ते चार ओळी लिहाव्यात. कोणता प्रश्न फसला, कोणता हजेरी क्रमांक प्रथमच बोलला, पंधरा मिनिटांचे काम आठ मिनिटांत संपले तेव्हा काय केले, टाचणातील कोणती सूचना गाळली व का गाळली. हे यंत्रास लिहिता येणार नाही, कारण तो तास त्याने पाहिलेला नाही. या चार ओळींसाठी जो वेळ लागेल, तो यंत्राने वाचविलेल्या वेळातून सहज निघतो.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने असे एक पान आणावे. उजवीकडे यंत्राच्या साहाय्याने केलेले टाचण, डावीकडे शिक्षकाच्या हाताची नोंद. ते पान सुंदर असण्याची आवश्यकता नाही. काट मारलेली वाक्ये तशीच राहू द्यावीत, आणि गावातील शेतांची जी नावे मुलांनी गोळा केली असतील त्यांची यादी मागे जोडावी. केंद्रातील दहा-बारा गावांच्या याद्या एकत्र केल्यास पुढील वर्षीच्या चौथीच्या परिसर अभ्यासासाठी निदान एक पाठ तरी असा तयार होईल, की जो कोणत्याही मार्गदर्शिकेत अद्याप छापलेला नाही.